वळणावरचा पाइन

४ सप्टेंबर १९४३
पोहोचलो बाई एकदाचे टालिनहून वोरूच्या रानात! घराला राळेचा वास, पण चूल झकास. जर्मनांनी एवाल्डला इथं कापायच्या झाडांवर खुणा करायला नेमलंय. नवऱ्याला काम आवडत नाही, पण पोट कुणाला चुकलंय? आमच्या सहा वर्षांच्या आस्ताचा हात फळीला, दाराच्या कडीला, कुठेच पुरत नाही, म्हणून त्याने आल्या आल्या तिला स्टूल ठोकून दिलं. शेजारच्या मिन्ना आजींनी काळा पाव दिला, वर शहरातल्या बायकांना चूल तरी पेटवता येते का, म्हणून चिमटा काढला. मला म्हातारी आवडली.

१९ सप्टेंबर
रस्त्याकडेच्या पाइनांवर क्रूस कोरलेत. प्रेत नेताना घरचे कोरतात. मग मेलेला तिथेच थांबतो, घरी येत नाही. आलाच तर एकटा परत जात नाही, घरातलं कुणीतरी सोबत नेतो म्हणे. मी हसले. आजी म्हणाल्या, हस बाई, दात आहेत तोवर हस. एवाल्डने मात्र ती झाडं वाचावीत म्हणून किडलेली आहेत असं जर्मन साहेबाला सांगितलं.

११ नोव्हेंबर
एवाल्ड गेला. एवढ्या वाऱ्यात झाडं पाडायला लावली, त्यातलंच एक त्याच्या अंगावर आलं. आजींच्या मुलाने, हिंद्रेकने, वळणावरच्या पाइनवर त्याचा क्रूस कोरला. बाबा कधी येणार, आस्ता विचारते.

१० डिसेंबर
हुकूम आलाय, रस्त्याकडेची सगळी झाडं पाडा. हिंद्रेक म्हणाला, वहिनी, साहेबाला डुकराचं मांस चारलं तर एक झाड वाचेल, दादाचं वाचवू. आजींनी हात धरला, हो म्हण गं पोरी. मी नाही म्हटलं. पडू दे. मला तो घरी हवाय, कसाही.

१२ डिसेंबर
पाडलं. आजी रडत गेल्या.

१३ डिसेंबर
तिन्हीसांजेला पायरीवर बूट झटकल्याचा आवाज. त्याचीच सवय. दार उघडलं तर बर्फावर पाऊल नाही, नुसता लाकडाचा भुसा. मी आनंदाने रडले. देवा, आनंदाने!

१४ डिसेंबर
आला. हाक मारली. मला नाही —

आस्ताला. लाडात.

पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना कड्या घातल्या. पुढच्या दाराला पाठ लावून बसलेय. माझं काही झालं तर पोरीला आजींनी सांभाळावं, म्हणून लिहितेय. आतूनच म्हटलं, मी बोलावलं रे तुला, मला ने —

बूट पायरी उतरल्याचा आवाज.

आस्ता उठलीय. हसतेय. म्हणते, आई, बाबा आलेत आणि तू लिहीत काय बसलीस?

हाक आता मागच्या दारी — आस्ता, नको — स्टूल ओढत —