ढेकणांपायी अडलेला मामा

चाकण,
रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय ताईस,
भूषणचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस ते मला कळतंय. वॉचमनने सांगितलंच असणार की तुझा भाऊ सांगवीला तुमच्या गेटपर्यंत आला आणि वर न येताच रिक्षात बसून परत गेला. बाळ महिन्याचं व्हायला आलं आणि सख्ख्या मामाने अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही. तू चिडणारच. पण रूमवर सगळ्यांच्या देखत हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. दाजींची कंपनी इथून जवळच आहे, जेवणाच्या सुट्टीत पत्र त्यांच्या हाती देईन.

खरं कारण सांगतो. आमच्या रूमवर ढेकूण झालेत. त्या दिवशी गेटवर बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, तर पट्ट्यावरून एक चालत होता. मी तो चिरडला, पण पाय पुढे जाईना. बॅगेत बाळाची झबली होती. तू बाळंतीण, घरात एवढंसं बाळ, आणि मी हे पाहुणे घेऊन येणार. वर येऊन सांगायचं धाडस झालं नाही. लाज वाटली ग.

आमचे मालक नानासाहेब जुन्या गावातले. त्यांच्या शेतांवर कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी घरावर मजले चढवले आणि आमच्यासारख्या कामगारांना खोल्या दिल्या. स्वतः खाली राहतात. माणूस वाईट नाही, पण ढेकणाचं नाव काढलं की भडकतात. शेवटी आम्हीच वर्गणी काढून औषध आणून फवारलं. दोन दिवस डोकी दुखली, ढेकूण पुन्हा हजर.

प्रीतमचं, म्हणजे माझ्या शेजारच्या कॉटवाल्याचं, म्हणणं असं की हे सगळं धोंडीबाकाकांच्या वळकटीतून आलं. धोंडीबाकाका म्हणजे जिंतूरकडचे एक वयस्कर कामगार, ठेकेदाराकडे पॅकिंगला आहेत, दिवाळीच्या आधी आमच्यात राहायला आले. त्यांची वळकटी पोरांनी जिन्यात नेऊन ठेवली. आता ते गच्चीवर झोपतात. मला वाटलं होतं त्याने फरक पडेल, पण चावणं काही थांबलेलं नाही.

बाळाचा एक फोटो पाठव. राग सोड.
तुझाच,
भूषण


सांगवी,
बुधवार, १३ नोव्हेंबर

चि. भूषणस,
अ. उ. आ.

तुझ्या दाजींनी तुझं पाकीट आधी गॅलरीत उन्हात वाळत घातलं आणि मगच माझ्या हातात दिलं. मी हसले, मग वाचता वाचता रडले. वेड्या, मला वाटलं होतं तुला आता आमच्याकडे यायला कंटाळा येतो. गेटवरून एक फोन केला असतास तर मी खाली आले असते. लांबूनच दाखवलं असतं बाळ.

बाळ छान आहे. डोळे उघडून पंख्याकडे बघतं आणि कुणी त्याच्याकडे बघितलं की भुवया चढवतं, अगदी आपल्या बाबांसारखं.

सासूबाईंना मी खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या की सगळं निस्तरल्यावरच आलेला बरा. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकतंय असंही म्हणवेना. नामकरण एक डिसेंबरला, रविवारी, घरीच करायचं ठरलंय. मी मात्र सांगून टाकलंय की मामा नसेल तर मी बाळाचं नाव ठेवू देणार नाही. तेव्हा काय करायचं ते तू बघ.

आता एक बोलते, रागावू नकोस. धोंडीबाकाकांचं तू दोन ओळींत लिहिलंस आणि पुढे गेलास. मी जाऊ शकले नाही. बाबा पहिल्यांदा पिंपरीला कामाला लागले तेव्हा अशाच एका खोलीत राहायचे. कुणीतरी आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगून लगेच बाजारात जायला उठले होते. तुमचं कारण वेगळं आहे, मान्य. पण जो माणूस गच्चीवर झोपतो त्याला ते किती वेगळं वाटत असेल?

वळकटी जिन्यात गेली तेव्हा तू कुठे होतास, तेही तू लिहिलेलं नाहीस.

आणि रॉकेल शिंपडायच्या भानगडीत पडू नका. चाळीत आई करायची म्हणून आपण करायचं नाही.
तुझी,
मिनलताई


चाकण,
सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

मी खोलीतच होतो. कॉटवर बसून मोबाईल बघत होतो. कुणाला अडवलं नाही.

तुझं पत्र वाचून शिफ्ट सुटल्यावर गच्चीवर गेलो. काका पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून भाकरी खात होते. मला बघून त्यांनी चादर झटकली, मला बसायला जागा केली आणि स्वतः लांब सरकून बसले. ताई, ते सरकणं मी विसरणार नाही. मी माफी मागितली. ते म्हणाले की मला काई तरास नाही बापा, बायकोला सांगून ठेवलंय की खोलीत उकडतं म्हणून वर झोपतो. नोव्हेंबरात उकडतं म्हणे. मी खाली चला म्हटलं, तर म्हणाले की ढेकूण असेतोवर नको, उगाच पुन्हा माझ्या नावावर येतील.

मग मी आमच्या मजल्यावरच्या एकेका खोलीचं दार वाजवलं. पहिल्यांदा सगळे नाही म्हणाले. मी बाही वर करून माझे फोड दाखवले, तेव्हा एकेकाने आपापले दाखवले. सगळीकडे आहेत. शेवटच्या खोलीतला पिंटू तर म्हणाला की त्यांच्याकडे उन्हाळ्यापासून आहेत. म्हणजे काका इथे आलेसुद्धा नव्हते तेव्हापासून. खोली सोडायला लावतील या भीतीने कुणीच बोललं नव्हतं. एका खोलीत फवारलं की ते वायरच्या पाइपातून दुसऱ्या खोलीत जायचे, आणि तिकडे फवारलं की इकडे परत. प्रीतम हे ऐकत उभा होता. मग आत जाऊन बसला.

काल आम्ही सगळे मिळून नानासाहेबांकडे गेलो. मी म्हटलं की सगळ्या खोल्यांत एकाच दिवशी पेस्ट कंट्रोल करून घ्या, नाहीतर हे जाणार नाही. ते उसळले. म्हणाले, आमच्या घरात आजवर ढेकूण न्हाई निघाला, तुमी लोकं भाईरनं आणता आन नाव आमचं घालवता, ज्याला ऱ्हायचं न्हाई त्यानं खोली खाली करावी. पिंटू मागच्या मागे निघायलाही लागला होता.

तेवढ्यात आक्काबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, माझ्या गादीत बी हायेत. दसऱ्यापास्नं हायेत. तुमी उठून रानात गेला की मी रोज येचून मारते.

नानासाहेब किती तरी वेळ बशीत ओतलेला चहा नुसता धरून बसले. मग त्यांनी विचारलं की मला का न्हाई सांगितलं. आक्काबाई म्हणाल्या, तुमी असंच वराडला असता म्हनून.

येत्या रविवारी पेस्ट कंट्रोलवाले येणार आहेत. खर्च मालकांचा.
तुझा,
भूषण


सांगवी,
बुधवार, २० नोव्हेंबर

चि. भूषणस,
अ. उ. आ.

आक्काबाईंना माझा जय भीम सांग. तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. गादीचं वाचलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग बराच वेळ त्यांच्या माहेरच्या ढेकणांच्या गोष्टी सांगत बसल्या. त्यांच्या भावाने म्हणे लग्नाचं अंथरूण विहिरीत बुडवलं होतं. नामकरणाला तू यावास की नाही याबद्दल मात्र त्या अजून काही बोललेल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

बाळ झोपलंय तोवर एवढंच.
मिनलताई


चाकण,
मंगळवार, २६ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

रविवार पार पडला. असा रविवार मी चाकणला आल्यापासून बघितला नव्हता. सकाळीच सगळ्यांनी गाद्या गच्चीवर नेल्या, कॉटचे नटबोल्ट सोडले, भिंतीवरची कॅलेंडरंसुद्धा काढली. आक्काबाईंनी लग्नकार्याची मोठी पातेली काढून अंगणात चुली पेटवल्या आणि एकेका खोलीचे कपडे उकळायला घेतले. कुणाची चादर कुणाकडे गेली त्याचा अजून पत्ता नाही. फवारणीवाल्यांनी भिंतीच्या भेगा, स्विचबोर्ड, कॉटचे सांधे, काही सोडलं नाही. नानासाहेब नाकाला उपरणं लावून पाठोपाठ फिरत होते आणि हा कोपरा ऱ्हायला, तो ऱ्हायला म्हणून दाखवत होते. दुपारी सगळ्यांना पिठलं-भाकरी त्यांच्याच अंगणात. काका भाकरी थापायला बसले होते, आक्काबाईंपेक्षा मोठी थापतात.

संध्याकाळी खोल्या उघडल्यावर प्रीतम एकटाच गच्चीवर गेला आणि काकांची वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन खाली आला. खिडकीजवळची स्वतःची कॉट त्याने त्यांना दिली. माफी वगैरे मागितली नाही. जेवताना काकांनी मात्र त्याच्या ताटात लसणाची चटणी वाढली.

आता अडचण ऐक. अंडी पहिल्या औषधाने मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं आहे. म्हणजे तुझ्या रविवारच्या नंतर. सध्या एकही दिसत नाही, पण खात्री कशी देऊ? मी असं ठरवलंय की उकळून पिशवीत बांधून ठेवलेले कपडे घालून येईन, दाराशी उभा राहीन, बाळाला लांबून बघेन आणि निघेन. सासूबाईंना आधी विचार. त्या नको म्हणाल्या तर मी खरंच वाईट वाटून घेणार नाही. तू नामकरण अडवू नकोस.
तुझा,
भूषण


सांगवी,
मंगळवार, १७ डिसेंबर

चि. भूषणस,
अनेक आशीर्वाद, आणि आता सुमेधकडूनही.

नामकरण झाल्यावर लगेच लिहायचं होतं, पण तुझा भाचा मला हातात पेन धरू देत नाही. काल दाजी सांगत होते की तुमची दुसरी फवारणी होऊन आठवडा झाला आणि कुठल्याच खोलीत काही सापडलं नाही. काका रात्री घोरतात अशी तू आता तक्रार करतोस, तेही कळलं. चांगलं आहे.

त्या दिवसाचं एक तुला माहीत नाही, ते सांगते. तुझं पत्र मी सासूबाईंच्या हातात दिलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि घडी करून परत दिलं, हो नाही की नाही नाही. रविवारी पंचशील झालं, नाव ठेवलं, पेढे वाटले, आणि तू आपला ठरवल्याप्रमाणे चपलांच्या ढिगाजवळ भिंतीला चिकटून उभा. तेवढ्यात त्या पाळण्याशी गेल्या, बाळाला उचललं आणि तू नको नको म्हणेपर्यंत तुझ्या हातात दिलं. तू खाली मान घालून बाळाकडे बघत होतास, म्हणून तुला दिसलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. तू गेल्यावर म्हणाल्या की पोरगा लांब उभा होता ना, ते मला बघवेना.

पण तू अंधार पडायच्या आत निघालास, आणि नंतरच्या दोन्ही रविवारीही आलास की तासाभरात घड्याळ बघायला लागतोस. तुझ्या मनात अजून ढेकणांची धास्ती आहे, हे आम्हाला कळत होतं.

म्हणून आज दुपारी सासूबाईंनी कपाटावरची पाहुण्यांची गादी स्वतः काढली, नवी खोळ घातली आणि आमच्या खोलीत पाळण्याला लागून अंथरून बघितली. मी म्हटलं, भूषण हॉलमध्ये झोपेल. त्या म्हणाल्या की हॉलमध्ये झोपून काय उपयोग, सुमेध रडायला लागला की पाळणा हलवायला मग कोण उठणार, तू की मी?

तेव्हा शनिवारी शिफ्ट सुटली की मुक्कामाला ये. आम्ही तुझ्यासाठी जेवायला थांबतो. तुझी सगळ्यांवर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
मिनलताई