घराच्या मते खोलीत कोणी नाही

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मान्य करून घे. नव्या घराची जमीन बांबूची आहे. तिच्यावर पाणी सांडायचं नाही, टाच घासायची नाही आणि घामेजल्या अंगाने लोटांगण तर मुळीच घालायचं नाही, असं ती बसवणारा बजावून गेलाय.) तुझे गुडघे आता काय म्हणतात? भावजींची साखर आटोक्यात आहे ना? आम्ही इथे ठीक. बाबांचा दम आहे तसाच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

फोन सोडून पत्र का, हे आधी सांगतो. आमच्या खिडक्यांना तीन-तीन काचा आहेत. बाहेर ट्रक उलटला तरी आत पत्ता लागत नाही. पण बाहेरचा आवाज आत येत नाही म्हटल्यावर आतल्या आवाजाला रान मोकळं मिळतं, आणि तो रिकामटेकड्या पाहुण्यासारखा खोल्याखोल्यांतून हिंडतो. स्वयंपाकघरात पुटपुटलेलं बाबांच्या खोलीत स्वच्छ ऐकू जातं. जुन्या घरात बायको मला रहदारीच्या आडोशाने झापायची, आता तिला तेवढाही आडोसा उरलेला नाही. तेव्हा तुझ्याशी मोकळेपणाने बोलायचं तर कागदच बरा.

हे घर बांधायला घेतलं ते बाबांच्या खोकल्यासाठी, हे तुला माहीत आहे. हिरवे गुरुजी (आमचे सल्लागार. नाव वेगळंच आहे, पण प्रत्येक वाक्यानंतर 'कळलं का?' विचारतात म्हणून बायकोने हे ठेवलं) म्हणाले होते की गाळलेली हवा मिळेल, भिंतींना बिनवासाचा रंग लागेल, विजेचं बिल नावापुरतं येईल, आणि वर्षभर घराने नीट वागून दाखवलं की प्रमाणपत्र, शिवाय फाटकावर लावायला हिरवी पाटी. पाटी म्हटल्यावर मी विरघळलो. शाळेत मला साधं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा कधी मिळालं नाही. आपल्या घरातली सगळी बक्षिसं तूच उचललीस, त्याचे परिणाम असे उतारवयात दिसतात.

रंगाला वास नाही हे खरं निघालं. पण वास नसल्यामुळे तो ओला आहे की वाळलाय हे हात लावल्याशिवाय समजत नाही, आणि वाळायला तो सरकारी फायलीइतका वेळ घेतो. पहिला महिना आमच्यातल्या प्रत्येकाच्या पाठीवर कुठल्या ना कुठल्या खोलीची भिंत होती. (भावजींचा पांढरा शर्ट तू अजून विसरली नसशील.) मग घराची हवाबंदपणाची परीक्षा झाली. मुख्य दारात लाल कापड ताणून त्यात भलामोठा पंखा बसवतात, घरातली हवा ओढून काढतात, आणि बाहेरची हवा कुठून घुसते ते धुराच्या कांडीने शोधतात. घर सपशेल नापास. गुरुजी धुरामागोमाग थेट बाबांच्या खोलीत पोचले, तर बाबांनी खिडकीत वर्तमानपत्राची घडी अडकवून ती किलकिली ठेवलेली. बाबा म्हणाले, "घर बांधलंय की बरणी?" गुरुजींनी त्यांना गाळलेल्या हवेवर व्याख्यान दिलं. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पटलं म्हणाले, फक्त त्या हवेबरोबर रस्त्यावरचं कोणी आत येत नाही एवढीच तक्रार केली. आम्ही घडी काढली, घर पास झालं. खिडकी तेव्हापासून बंद आहे.

दिव्यांचीही एक गंमत आहे. माणूस हलला की दिवा लागतो, हलायचा थांबला की विझतो. संडासात बसून आम्ही सगळेच अधूनमधून हात हलवत असतो, बाहेरून कोणी पाहिलं तर आगगाडीला निरोप देतोय असं वाटेल. बाबांना मात्र हात हलवला तरी धाप लागते. ते खुर्चीत निमूट बसून राहतात, आणि थोड्या वेळाने दिवा जातो. यंत्रात बिघाड नाही. घराच्या मते खोलीत कोणी नाही.

त्यानंतर बाबांच्या फुफ्फुसांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, तेही अखंड. पंचाईत अशी की घराचा विजेचा अंदाज काढला तेव्हा बाबा जिना चढून गच्चीवर जात होते, त्यामुळे त्या अंदाजात मशीन नव्हतंच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पडदा आहे, त्यावर एक पान दिसतं. वीज कमी वापरली की हिरवं, जास्त वापरली की लाल. मशीन आलं आणि पान जे लाल झालं ते झालंच. मग आमची धावपळ सुरू झाली. बायको इस्त्रीचे कपडे माहेरी नेऊ लागली. फ्रिज उघडण्याआधी काय हवंय ते मनाशी पक्कं करायचा नियम झाला. मी थंड पाण्याने आंघोळ करून दिवसभर शिंकत राहिलो. पान ढिम्म हललं नाही. गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मीटर माणूस ओळखत नाही. आजोबांना काही महिने तुमच्या ताईंकडे ठेवता येईल का?" त्यावर मी स्वयंपाकघरात बायकोला, अगदी कुजबुजत, म्हणालो की हे मशीन आपली पाटी खाणार. तुझ्याकडे पाठवायचं असं काही ठरलं नव्हतं, नुसता विषय निघाला होता.

आणि काय सांगू, दुसऱ्याच आठवड्यात पान हिरवं झालं. गुरुजींनी कौतुक केलं, बायकोने केक आणला, बाबांनीही एक तुकडा खाल्ला. तर असं सगळं झकास चाललंय. काळजी करू नकोस. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वरचं 'झकास' खोडणार होतो. पण खाडाखोड दिसली की तू आधी तिथेच वाचतेस, म्हणून राहू दिलं.

परवा दुपारी अंग मोडून आलं म्हणून कामावरून लवकर परतलो. उन्हासाठी पडदे ओढलेले असल्याने बाबांच्या खोलीत अंधार होता. ते बाहेर अंगणात असतील असं मला वाटलं. मीही घरासारखाच निघालो. दार ओढून घेताना दिवा लागला, आणि समोर खुर्चीत बाबा. मशीन बंद, नळी गुंडाळून मांडीवर ठेवलेली, ओठ निळे. मी मशीन लावलं, ओरडलो, रडलो, सगळं एकदम केलं. दम परत आल्यावर म्हणाले, "दुपारचं मला नाही लागत रे. पान बघ की, कसं छान झालंय." आम्ही दोघं कामावर गेलो की ते रोज मशीन बंद करत होते, आणि आम्ही केक खात होतो. मला स्वतःची शिसारी आली, ताई.

मी त्याच दिवशी प्रमाणपत्राचा अर्ज मागे घेतला. तसं बाबांना सांगितलं, तर "माझ्यापायी?" एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बंद. गुरुजींचं मन वळव आणि पाटी आण, पाटी लागली की मशीन दिवसभर लावीन, हा त्यांचा हट्ट. म्हणून आज सकाळी भिंतीच्या उरलेल्या हिरव्या रंगाने मी एक पत्रा रंगवला, वर पांढरी अक्षरं काढली आणि गुरुजी पाटी देऊन गेले असं सांगून ती फाटकावर ठोकली. आता तुझं काम. हे पत्र मिळालं की फोन कर आणि बाबांचं अभिनंदन कर. मी लहानपणापासून थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे. तू त्यांच्याशी कधी खोटं बोलली नाहीस, म्हणून तुझं खोटं चालेल.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता बाबा काठी टेकत फाटकापर्यंत गेले. मी मागे नळी आणि खुर्ची घेऊन. त्यांनी पाटी वाचली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा हिरवा झाला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तो शर्टाला पुसला आणि म्हणाले, "छान आलीय." आत गेले आणि स्वतःच्या हाताने मशीन लावलं. पान लाल झालंय.

तरी तू फोन करच. फक्त जरा मोठ्याने बोल. खिडकीत घडी परत घातलीय, रस्त्याचा आवाज येतो.