देवापुढची चिठ्ठी

रविवार, कोपर. दिवेलागणीनंतर.

सकाळी पूजेच्या वेळी उद्याच्या मतदानाच्या दोन चिठ्ठ्या देवापुढे ठेवल्या, एक माझी, एक माझ्या सायलीची. तिचं हे पहिलंच मत. हात जोडून पुटपुटलो, "दोन्ही मतं एकाच जागी पडू देत." सायली मागेच उभी होती. "अहो बाबा, माझं मत देवाला परस्पर सांगून टाकलंत?"

हसत म्हणाली, पण दिवसभर टोचतंय. तिच्या वयात मी गावात 'बदल हवा' म्हणून भिंती रंगवायचो. आमच्या घराचीही सोडली नाही. वडील जुन्या पक्षाचे, तरी त्यांनी ती पुसली नाही. लोकांना म्हणाले, "घर माझं, अक्षर त्याचं. राहू दे."

आता बदल म्हटलं की मलाच धास्ती वाटते. शहाणा झालो की नुसता थकलो? कळत नाही. वडिलांनी भिंत पुसली नव्हती, एवढंच राहून राहून आठवतंय.

आत्ता सांजवात लावली, सकाळचं मागणं देवाकडून परत घेतलं आणि सायलीची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"कुंकू लागलंय हिला," ती म्हणाली.

"असू दे."

मत कोणाला, ते विचारलं नाही.