वळणावरच्या दादांचं माप

६ जानेवारी, सोमवार
रस्त्याच्या कामावरचा सुरक्षेचा नियम मीच लिहिला, मीच साइटच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवला — ज्याच्या जाकिटाच्या चमकत्या पट्ट्या चारही बाजूंनी दिसत नाहीत, त्यानं रस्त्यावर उभं राहायचं नाही. तासाभरात मुकादम म्हणाले, "मग झेंडेवाल्या दादांना उद्यापासून गोदामात बसवतो."
दादा अकरा वर्षं वळणावर झेंडा दाखवून गाड्या थांबवतायत. फ्री साइज जाकीट त्यांच्या पोटावर बंदच होत नाही, पट्ट्या काखेत जातात. नियम बरोबर आहे. दादांचंही काही चुकलेलं नाही. चूक खरेदीची.
मला तेच जाकीट ढगळ होतं. पाठीत चार पिना मारते, काम भागतं.

७ जानेवारी
दादांचं माप घेतलं. एकशे बत्तीस सेंटिमीटर. ते छताकडे बघत उभे. "लग्नाच्या शिंप्यानंसुद्धा एवढं पिडलं नव्हतं, ताई."
दुकानदाराला फोन.
"फोर एक्सएल? मॅडम, माणसाला हवंय की तंबूला?"
"माणसाला. शुक्रवारपर्यंत."

१० जानेवारी
जाकीट आलं. चार बोटं कमी! मी शर्टावरून मोजलं. दादा थंडीत जाड कोट घालून उभे राहतात, वर वॉकीटॉकीचा पट्टा. हे मी रोज बघते. तरी ऑफिसात बोलावून, कोट काढायला लावून माप घेतलं!
चार दिवस गोदामात खोकी मोजून माणूस वैतागला असेल असं वाटलं. तर म्हणाले, "असू द्या. आजवर माझं माप कुणी विचारलंच नव्हतं."
मी टेप गुंडाळत राहिले.

११ जानेवारी
पुन्हा माप. कोटावरून, पट्ट्यासकट, हात वर करून, वाकून. सिक्स एक्सएल. दुकानदारानं या वेळी तंबूचं नाव काढलं नाही.

१५ जानेवारी
बसलं!! चेन गळ्यापर्यंत गेली. शंभर पावलांवरून तपासलं. दादा जागच्या जागी गोल फिरले. मुकादम ओरडले, "आता नाचूनही दाखवा!" पट्ट्या सगळीकडून लख्ख. दादा परत वळणावर.
मला किती बरं वाटलं ते इथेच लिहिते. साइटवर मी फक्त "ठीक आहे" म्हणाले.

१६ जानेवारी
सकाळी दाट धुकं. वळणावर खांबांमधलं अंतर मोजायला वाकले होते, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ. एकदम ब्रेक किंचाळले. वळून बघते तर ट्रक, आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून दादा.
ड्रायव्हर खाली उतरला. "बाई, तुम्ही दिसलाच नाहीत. हे दिसले म्हणून थांबलो."
माझं जाकीट काढून बघितलं. पाठीवरची पट्टी पिनांच्या घडीत गडप.
दादा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नियम तुमचाच आहे, ताई."
स्मॉल मागवलंय. तोवर गोदामात बसून खोकी मोजतेय. मोजायला मी उरलेय.