कमानीच्या पोटातली खूण

पॉन्त वेर्न, गवंड्यांची छावणी
१७ एप्रिल १७९८

चि. शोनेद हिला मार्गेदचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझे मोजे पोचले. लोकर चांगली, वीण घट्ट, पण टाच तू नेहमीसारखीच अरुंद धरली आहेस. आमच्या ह्यांनी कसेबसे चढवले, आता उतरत नाहीत. बहुतेक मोज्यांसकटच पुरावं लागणार. सध्या ते दिवसभर बैल घेऊन कालव्याच्या कोरड्या पात्रात चिखल तुडवतात. चिखल नीट तुडवला की पाणी झिरपत नाही म्हणे. संध्याकाळी दारात उभे राहिले की बैल कोणता आणि नवरा कोणता, ते मी आवाजावरून ओळखते.

पत्र मी सांगते आहे आणि लिहितो आहे मेयरिग. हा इथला पाथरवट, गेल्या उन्हाळ्यापासून छावणीत माझ्या हातचं जेवतो, तेव्हा मी बोलावलं की बसावंच लागतं. त्याचं अक्षर सुरेख आहे असं सगळे म्हणतात. मला काय, कोंबड्यांनी अंगण उकरलं तरी तसंच दिसतं. (मावशी सांगतात त्याच्या निम्मंच लिहितो आहे. सगळं लिहायचं तर कागद गाडीनं मागवावा लागेल. — मे.)

आता मुद्द्याचं. नीट बसून वाच.

गेल्या मंगळवारी कामावर जेवण घेऊन निघाले तर वाटेत पावसानं गाठलं. म्हणून गडग्याजवळच्या नव्या पुलाखाली, कोरड्या पात्रात उभी राहिले. सहज वर पाहिलं. कमानीच्या पोटात एका दगडावर ईवानची पाथरवटाची खूण होती. तीन रेघा कोंबडीच्या पायासारख्या आणि खालून एक आडवी. शोनेद, मी त्याची सख्खी बहीण. माझ्या लोण्याच्या पिंपावर त्यानं हीच खूण कोरली होती आणि बाबांचा मारही खाल्ला होता. मला चुकायची नाही.

ईवानला जाऊन सोळा महिने झाले. हा पूल मागच्या शरद ऋतूत सुरू झाला. मग हा दगड घडवला कोणी? पुढच्या पुलाखालीही जाऊन आले. तिथेही एक दगड आहे, एकच. मुकादमाला विचारलं तर म्हणाला की बाई, कमानीच्या पोटात वटवाघळं बघतात, मी नाही बघत. छावणीत एकेकाला धरून विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मला काय वाटतं ते मी बोलत नाही. तूच बोल. लवकर लिही.

तुझी माया आहेच; टाच तेवढी सैल कर.
मार्गेद


कूम हेस्गिन
२६ एप्रिल १७९८

ती. मार्गेद वन्सं यांस शोनेदचा सा. न. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत गेलेली नाही. पाठ असलेल्या स्तोत्रांवर बोट ठेवून ठेवून मी अक्षरं ओळखायला शिकले, आणि एखादा शब्द दुसराच तर नाही ना, ही भीती अजून जात नाही. चौथ्या वेळीही खूण खूणच होती.

तुम्ही बोलत नाही, तर मी बोलते. तापाची साथ आली त्या थंडीत कामावर तीन ईवान होते, तिघेही कुठल्या ना कुठल्या शॉनचे मुलगे. इंग्रज कारकुनाला आपली नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यानं शॉनचं जोन्स करून तिघांनाही इव्हान जोन्स लिहिलं. तापात दोन इव्हान जोन्स गेले आणि एक काम सोडून निघून गेला. मला कागद आला तो इव्हान जोन्स वारल्याचा. तुम्ही तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेला होता. आपल्यापैकी कोणी त्याचं तोंड पाहिलं नाही. त्याची हत्यारं पाठवा म्हणून मी दोनदा विचारलं, तीही सापडली नाहीत. वन्सं, हत्यारं टाकून मरणारा गवंडी मी पाहिलेला नाही. हे सोळा महिने मी कोणाजवळ बोलले नाही, कारण लोक म्हणाले असते की विधवेचं डोकं फिरलं.

मला गोडगोड विचार करता येत नाहीत. खात्री हवी. एक काम करा. तुम्हाला आठवतं का, लग्नाच्या वेळी पाद्रीबुवांनी ईवानला वहीत फुली मारायला सांगितली आणि त्यानं ही खूण काढली. पाद्रीबुवा रागावले, तर म्हणाला की फुली कोणीही मारतं, ही फक्त मी काढतो. तीच खूण आमच्या चुलीपुढच्या दगडावर आहे. शनिवारी दगड घासून मी खडूनं वेलबुट्टी काढते, तेव्हा खूण तेवढी मोकळी ठेवते. तिच्यावरून रोज बोट फिरवते, म्हणून मला ती डोळे मिटूनही कळते. ईवान डावखुरा होता. ठोकायची मोगरी डाव्या हातात, छिन्नी उजव्या. त्याची आडवी रेघ डावीकडे खोल सुरू होते आणि उजवीकडे उथळ होत विरते. बाकीच्या पाथरवटांची बरोबर उलट.

पुन्हा पुलाखाली जा. शिडी घ्या, आणि शिडी धरायला तुमच्या ह्यांना न्या, बैलाला नको. रेघेवरून बोट फिरवा. खोल टोक कुठल्या बाजूला लागतं, तेवढंच मला कळवा.

घरचं ठीक. गाय व्याली, कालवड आहे. उंबऱ्याचा दगड अजून डुगडुगतो. बसवून देतो, बसवून देतो म्हणत ईवान गेला. त्याच्या त्या शब्दाला अडखळून मी आजवर दोनदा पडले आहे.

बोटाला जे लागेल ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.
शोनेद


पॉन्त वेर्न
५ मे १७९८

चि. शोनेद हिला मार्गेदचे आशीर्वाद. वि. वि.

शिडीवर चढले. या वयात शिडीवर चढवलंस, याचा हिशेब वर गेल्यावर करू. दोन्ही पुलांखाली गेले, दोन्ही दगडांवर बोट फिरवलं, एकदा नाही, तीन-तीनदा. खोल टोक उजवीकडे लागतं. तिथून रेघ उथळ होत डावीकडे जाते.

तू कुठली बाजू सांगितली होतीस, ते त्या गडबडीत मी विसरले. मेयरिगला म्हटलं, तिचं पत्र पुन्हा वाच, तर म्हणाला की आधी हे लिहून होऊ दे. आज त्याचं काही खरं नाही. दोनदा शाई सांडली आणि एकदाही मला टोकलं नाही. जेवलाही नाही. ताप तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावला, तर गार.

मी ह्यांना सांगून ठेवलं आहे की ईवान आला तर ती कोपऱ्यातली खाट त्याची. तुझ्या उत्तराची वाट बघते. ते चांगलंच येईल असं धरून चालले आहे.

मार्गेद


पॉन्त वेर्न
६ मे १७९८

शोनेदवहिनींस मेयरिगचा नमस्कार.

हे पत्र मला कोणी सांगितलेलं नाही. मावशींना ठाऊकही नाही. त्यांचं पत्र आणि हे एकाच वाटसरूबरोबर पाठवतो आहे. त्यांचं आधी वाचलं असेल तर तुम्हाला कळलंच असेल. ईवान नाही. त्या खुणा मी घातल्या.

त्या थंडीत तापाचे आम्ही सहा जण डोंगरापलीकडच्या गोठ्यात होतो. माझ्या शेजारच्या पेंढ्यावर ईवान होता. तिघांतला कोणता, अशी शंका ठेवू नका. डावखुरा, कूम हेस्गिनचा, आणि ताप उतरला की गाणं म्हणायचा, तेही बेसूर. चौथ्या दिवशी दुपारी गेला. जाण्याआधी तहान लागली होती, मी पाणी पाजलं. कामाचंच बोलत होता. नव्या कमानीवर पेंढा घातला का, नाहीतर ओला चुना गोठेल, असं तीन वेळा विचारलं. मी प्रत्येक वेळी घातला म्हणालो. मग म्हणाला की हत्यारं शोनेदला पोचव. आणि तिला सांग, उंबऱ्याचा दगड डाव्या कोपऱ्यात उचलून खाली पाटीच्या दगडाची एक चीप सारायची, बोटाएवढी जाड, बाकी काही करायला नको.

मी हो म्हटलं. नंतर मी बरा झालो. ईवानची हत्यारं घेऊन गावी गेलो, अंगात ताकद आणली आणि कामावर परतलो, तर माझी हत्यारं कोणीतरी नेली होती. हत्यारांशिवाय पाथरवटाला कोण उभं करतो? म्हटलं, आठवडाभर ईवानची वापरू आणि मग पाठवू. त्या आठवड्याचं वर्ष झालं. मावशी इथे स्वयंपाकाला आल्या, त्या त्याची बहीण निघाल्या, आणि मग तोंड उघडणं आणखी अवघड झालं. त्यांच्या हातची भाकरी खाताना रोज वाटायचं की आज सांगू.

माझ्या दगडांवर मी माझीच खूण घालतो. पण प्रत्येक पुलातला जो एक दगड सगळ्यांत चांगला उतरला, त्यावर माझी खूण घालवेना. छिन्नी त्याची, मोगरी त्याची, दगड कसा निजवायचा तेही शिकवलेलं त्याचं. मुकादमाला दिसू नये म्हणून ती खूण पोटात घातली. मावशींना पाऊस तिथेच गाठेल, हे मला काय माहीत.

तुमच्या पत्रातली डाव्या-उजव्याची गोष्ट मावशींना मीच मोठ्यानं वाचून दाखवली. काल त्या उजवीकडे म्हणाल्या तेव्हा डावीकडे लिहिणं सोपं होतं. त्यांना वाचता येत नाही. हात तिकडे गेलाही होता. पण तुम्ही लिहिलं होतं की बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

हत्यारं तेल लावून बांधून ठेवली आहेत. सांगाल तेव्हा आणून देईन. बोलायचं ते बोला. मावशींना काय सांगू, तेही तुम्हीच सांगा.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.
मेयरिग


कूम हेस्गिन
२० मे १७९८

मेयरिग यास शोनेदचा नमस्कार. वि. वि.

तुला ‘तुम्ही’ असंच लिहायला बसले होते. पण माझ्या नवऱ्याला ज्यानं शेवटचं पाणी पाजलं, त्याला ‘तुम्ही’ म्हणवत नाही. तू राग मानू नकोस.

वन्संचं पत्र आधी वाचलं. उजवीकडे हा शब्द वाचला आणि चुलीपुढच्या दगडापाशी जाऊन बसले. तुझं पत्र उघडायला दोन दिवस लागले. खोटं कशाला बोलू, त्या दोन दिवसांत मी तुला खूप शिव्या दिल्या, तू कोण हे माहीत नसताना. तुझं पत्र वाचून आणखी दिल्या. एकदा रडून झालेल्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून रडायला लावलंस.

मग पहार घेऊन उंबऱ्याशी गेले. डावा कोपरा उचलला, पाटीच्या दगडाची चीप सारली, बोटाएवढी जाड. वर उभी राहिले. दगड हलला नाही. दोन्ही पायांनी उड्या मारल्या, गाय बघत होती. हलला नाही. मेयरिग, सोळा महिने माझ्याकडे इव्हान जोन्स मेल्याचा कागद होता. माझा ईवान गेला, हे मला त्या उंबऱ्यावर उभं राहिल्यावर कळलं. मरताना माझ्या घराचा कोपरा आठवणारा दुसरा कोण असणार? वाईट वाटलं, पण पाय घट्ट टेकले.

आता मी सांगते तसं कर.

हे पत्र वन्संना मोठ्यानं वाचून दाखव. त्याआधी सगळं आपल्या तोंडानं सांग. त्या तुला मारतील, ते खाऊन घे. मग त्या तुला जेवायला वाढतील, तेही खा. ती कोपऱ्यातली खाट तू घे. रिकामी राहिली तर त्यांना बघवणार नाही. वन्सं, तुम्ही ऐकता आहात ना? मारा, पण डोक्यात नको. त्याला अजून पत्रं लिहायची आहेत.

हत्यारं तुझ्याकडेच ठेव. मी त्यांचं काय करू, लोणी काढू? मोगरी मात्र मला पाठव. डाव्या हातानं झिजलेली आहे, तुला ती नाहीतरी नीट बसत नसणार.

पुलांच्या पोटात यापुढे तुझी स्वतःची खूण घालत जा, चांगल्या दगडावरसुद्धा. मेलेल्या माणसानं नवे पूल बांधू नयेत, मागे राहिलेल्या बाईला त्याचा त्रास होतो. घातल्या त्या दोन राहू देत. कालव्यात पाणी सोडलं की नावेत बसून मी त्यांच्याखालून जाईन.

एक दगड मात्र त्याचा अजून व्हायचा आहे. त्याला कुठे पुरलं, ते तुला माहीत असेल. तिथे बसव. त्यावर नाव घालू नकोस. इव्हान जोन्स म्हणजे कोणीही. फक्त खूण घाल. मोगरी पाठवण्याआधी ती डाव्या हातात धर, छिन्नी उजव्या हातात, आणि रेघ डावीकडून सुरू कर. तुझा हात वळायचा नाही, रेघ वाकडी येईल. येऊ दे. लग्नाच्या वहीतही वाकडीच आली होती.

मोजे विणते आहे, तुझ्या पायाचं माप कळव. वन्संनी बोलू नये म्हणून या खेपेला टाच सैल धरली आहे.

राग संपला असं समजू नकोस, पण पत्र लिहीत जा.
शोनेद