माझ्या केबिनला हिरवा स्टिकर

४ मार्च
आजपासून रोजनिशी. रोज दहा ओळी, खाडाखोड नाही, स्वतःशी खोटं नाही. रिटायर व्हायला सहा वर्षं आहेत. पुढेमागे आठवणी लिहायच्या झाल्या तर कच्चा माल हाताशी हवा.

आज संचालकांनी बोलावून एक परिपत्रक दिलं. जुन्या एसींमधला गॅस आता बनवायचाच बंद होत चाललाय, कारण वर ओझोनचा थर आहे आणि हा गॅस त्याची वाट लावतो. त्यामुळे भाव तिप्पट. बिल्डिंगमधल्या सगळ्या एसींची पाहणी करायची, जुन्या गॅसच्या मशीनला लाल स्टिकर, नव्या गॅसच्या मशीनला हिरवा, आणि यादी हेड ऑफिसला. मला नोडल ऑफिसर नेमलंय. मी विचारलं, एवढ्या लोकांत मीच का? संचालक म्हणाले, तुमच्याकडे सध्या फारसं काम नाही. मिश्कील माणूस आहे.

७ मार्च
दोन दिवस लिहायला सवड नाही. ओझोनवरचं पुस्तक आणलं, पहिल्याच पानावर डोळा लागला. पण परिपत्रकातली मेख बरोबर हेरली. लाल स्टिकरची मशिनं काढून नेणार आणि नवीन 'टप्प्याटप्प्याने' देणार. चोवीस वर्षं या ऑफिसात काढलीत, मला टप्पे शिकवू नका. मागे खुर्च्या अशाच टप्प्याटप्प्याने बदलायला नेल्या होत्या. तीन वर्षांनी स्टुलं आली.

११ मार्च
पाहणी केली. एकूण आठ मशिनं, आठही जुन्या गॅसची. सात लाल स्टिकर स्वहस्ते लावले. लेखाप्रमुखांच्या मशीनला जरा दाबूनच लावला. या गृहस्थांनी माझ्या प्रवासबिलातले अकरा किलोमीटर कापले होते. टायपिंग रूममध्ये चौघीजणी बसतात. त्यांच्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, मशीन नेलं तर आम्ही उकडून निघू, खिडकीबाहेर जनरेटर आहे, ती उघडता येत नाही. मी म्हणालो, पंखे आहेत की. नियम सगळ्यांना सारखा.

आठवं मशीन माझ्या केबिनमधलं.

११ मार्च, संध्याकाळी ६
आठव्याचा विचार चालू आहे. हे मशीन आधीच्या संचालकांचं. भंगारात निघालं होतं. मी अर्ज केले, हेलपाटे घातले, पदरचे पैसे घालून रंगवून घेतलं. आवाज करतं, मान्य. पाणी ठिबकतं, खाली बादली आहे. दर उन्हाळ्यात थोडा गॅस घालावा लागतो. पण माझ्या हुद्द्याच्या एकाही माणसाला या बिल्डिंगमध्ये एसी नाही आणि मला आहे. घरी माझं कोणी ऐकत नाही. इथे दार उघडलं की गार झोत अंगावर येतो आणि येणारा माणूस आपोआप हळू आवाजात बोलतो. ते जाऊ द्यायचं?

हिरवा स्टिकर लावला. एक आत, एक बाहेरच्या डब्यावर. गॅसचं नाव छापलेल्या कंपनीच्या पट्टीवर अगदी मापात बसला. यात खोटं काही नाही. जुना गॅस गळून गळून संपत आलाय, म्हणजे तसं पाहिलं तर हे मशीन जुन्या गॅसचं राहिलेलंच नाही.

१३ मार्च
यादी गेली. संचालकांनी न वाचता सही केली. विश्वास म्हणतात तो हा. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नवीन मिळतंय तर जुनं लपवून कोण ठेवतं? तिला ऑफिसचं राजकारण कळत नाही.

२ एप्रिल
मध्ये खंड पडला. आधी वही सापडत नव्हती, मग पेन.

सातही मशिनं काढून नेली. माझं चालू आहे. दुपारी लेखाप्रमुख घामाने निथळत 'एक शंका' घेऊन आले आणि अर्धा तास बसले. शंका काय ते शेवटपर्यंत आठवलं नाही त्यांना. मीही मोठ्या मनाने बसू दिलं. दूरदृष्टी अंगात असावी लागते, ती परिपत्रकाने येत नाही.

९ एप्रिल
नवीन मशिनं आली. सातही. एकाच दिवशी, एकाच ट्रकमधून.
आज जास्त लिहवत नाही.

१० एप्रिल
आवाज म्हणून येत नाही त्यांचा. लेखाप्रमुख कोट चढवून बसले होते. टायपिंग रूममध्ये चौघींनी शाली आणल्यात. माझ्या मशीनने दुपारी दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि तेव्हापासून नुसताच कोमट वारा सोडतंय. नेमकं आजच.
संकल्प: मत्सर करायचा नाही. लेखाप्रमुखांच्या केबिनसमोरून जायचं नाही.

१५ एप्रिल
गॅससाठी स्टोअरला चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं की जुना गॅस मोजकाच उरलाय, तो फक्त लाल स्टिकरच्या मशीनला मिळतो, आणि या बिल्डिंगमध्ये लाल स्टिकरचं एकही मशीन उरलेलं नाही असं नोडल ऑफिसरचं पत्र आहे. सोबत पत्राची प्रत जोडली होती. वाचली. भाषा चोख आहे, बोट ठेवायला जागा नाही.

१८ एप्रिल
पदरचे पैसे घालायचे ठरवून बाजारात गेलो. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून मला वाटलं, हा अख्ख्या मशीनची किंमत सांगतोय. तो गॅसचाच भाव होता. म्हणाला, माल येणं बंद होतंय, पुढच्या महिन्यात याहून वाढेल. शिवाय गळती न काढता भरला तर पंधरा दिवसांत सगळा हवेत. बायकोने एवढंच विचारलं, की तेवढ्यात आपल्या घरी नवा एसी बसेल का? आणखी थोडे घातले तर बसेल. विषय तिथेच मिटवला.

२२ एप्रिल, दुपारी २
केबिनमध्ये अडतीस डिग्री. पंखा मीच काढायला लावला होता, एसीच्या खोलीला शोभत नाही म्हणून. दारही उघडं टाकता येत नाही, बाहेरच्यांना कळेल. शर्ट खुर्चीला चिकटलाय. संचालकांच्या केबिनमध्ये आज चार वेळा सह्या घ्यायला गेलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, एकदम आणत जा.

२३ एप्रिल
सुचलं! नवा गॅस जुन्यापेक्षा चांगला, हे परिपत्रकच सांगतं. मग चांगला गॅस जुन्या मशीनला का नको? म्हाताऱ्या माणसाला आपण टॉनिक देतोच की. नव्या गॅसची मागणी टाकली. हिरवा स्टिकर आहेच. तासाभरात मंजूर. उगाच महिनाभर जिवाला घोर लावून घेतला.

२६ एप्रिल
मेकॅनिक आला. चष्म्याला दोरी, तोंडात स्क्रू. बाहेरच्या डब्यासमोर उभा राहून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, हे मशीन जुन्या गॅसचं दिसतंय, नव्या गॅसचा दाब कितीतरी जास्त असतो, याचे पाइप आणि कॉम्प्रेसर तो सोसायचे नाहीत. मी स्टिकरवर बोट ठेवलं. त्याने विचारलं, हा कोणी लावला? मी म्हणालो, नोडल ऑफिसरने. ते कुठे भेटतील? मी सांगितलं, तुम्ही त्यांच्याशीच बोलताय. त्याने तोंडातला स्क्रू काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "लिहून द्या."

दिलं लिहून. सही, हुद्दा, शिक्का. सत्तावीस वर्षं काम करतोय, म्हणे! अनुभवाने माणूस भित्रा होतो. शेवटी भरला त्याने, आणि जाताना सांगून गेला की मी गेटबाहेर पडल्यावर चालू करा.

दुपारी ४: चालू केलं. गार! पूर्वी कधी नव्हतं इतकं गार. मेकॅनिकला फोन करून सुनवायचं ठरवलं.
४.१०: थोडं थरथरतंय. ताकद आली की व्हायचंच.

२७ एप्रिल
काल सव्वाचारला मशीन फुटलं. आवाज एवढा मोठा की अख्खं ऑफिस खाली पळालं. मागच्या भिंतीवर तेलाचा फवारा उडालाय. कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. मी बादलीशेजारी उभा होतो. खरं लिहायचं तर मला रडू आलं.

३० एप्रिल
संचालकांचा मेमो. नवीन मशीन फुटलंच कसं, याची चौकशी. चौकशी कोणी करायची, तर नोडल ऑफिसरने. दुसरं मशीन मिळणार नाही, कारण कागदोपत्री माझं मशीन नवीन आहे आणि नव्याला दहा वर्षं हात लावता येत नाही. मला सहाच उरलीत.

४ मे
अहवालाचे तीन खर्डे झाले. पहिल्यात दोष व्होल्टेजचा, दुसऱ्यात मेकॅनिकचा, तिसऱ्यात कबुतराचा. तेवढ्यात कळलं की मेकॅनिकने माझी चिठ्ठी फाइलला लावून टाकलीय. खोटी नोंद करणं म्हणजे सस्पेन्शन. चोवीस वर्षांची नोकरी एका हिरव्या कागदापायी.
निर्धार: परवा सगळं सांगून टाकायचं. निवेदन लिहून खिशात ठेवलंय. त्यात एकच वाक्य आहे: स्टिकर मी मुद्दाम लावला.

६ मे
संचालकांनी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. हातात माझी फाइल.

संचालक म्हणाले, फाइल चाळताना त्यांना एक जुनं पत्र सापडलं. हेड ऑफिसने पैसे मुळात सातच मशिनांचे दिले होते. आठ लिहिली असती तर हुद्द्याच्या क्रमाने शेवटची खोली गळाली असती, म्हणजे टायपिंग रूम. आणि आपल्या नोडल ऑफिसरने काय केलं? गुपचूप स्वतःचंच मशीन यादीतून काढलं. कुणाला कळू नये म्हणून वर हिरवा स्टिकर लावला. अख्खा एप्रिल भट्टीत बसले, पण आपला शब्द फिरवला नाही, अगदी मेकॅनिकने सांगूनसुद्धा. चौकशी बंद.

टाळ्या. लेखाप्रमुखांनी मला मिठी मारली. मी उभा राहिलो, खिशातून निवेदन काढलं. समोर थोरल्या बाई डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तेवीस वर्षांत आमची खोली कुणाच्या ध्यानातसुद्धा आली नव्हती."

मी निवेदन परत खिशात घातलं आणि म्हणालो, त्यात काय एवढं.

७ मे
माझं टेबल आता टायपिंग रूममध्ये. चौघींनी मिळून ते बरोबर एसीच्या झोताखाली लावलं, मानाची जागा म्हणून. बायकोला सगळं खरं सांगितलं. वाटलं पोट धरून हसेल. हसली नाही. म्हणाली, त्या चौघींना तरी उद्या जाऊन सांगा. बरोबर आहे तिचं. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि जे बोलले ते माझ्याबद्दल नव्हतंच. लाज वाटते.
उद्या सांगणार. नक्की.

८ मे
सांगितलं नाही. झोत थेट मानेवर येतो, दिवसभर कुडकुडत होतो. तीनदा तोंड उघडलं, तीनदा दात वाजले. तिसऱ्या वेळी थोरल्या बाई उठल्या, एसी बंद केला, आणि साडेपाचपर्यंत चौघीजणी माझ्यासाठी उकाड्यात बसून टाइप करत राहिल्या.