काळ्या सरदाराची अक्कल

इप्सविच, २ सप्टेंबर १९८४

ती. थेल्माताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझा 'सात किल्ले' हा कॉम्प्युटरचा खेळ कमोडोर कॉम्प्युटरवर आणायचं काम कंपनीच्या ऑर्मरॉडसाहेबांनी मला दिलं खरं, पण तुझ्या स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम माझ्या यंत्रावर चालत नाही. म्हणून उसन्या स्पेक्ट्रमवर तुझी कॅसेट लावून खेळतो आणि बघून बघून नवा लिहितो. नकाशा झाला, घोडेस्वार झाले. यंत्र ज्याच्या बाजूनं खेळतं, तो काळा सरदार मात्र हाती लागत नाही. तुझ्या खेळात तो बराच वेळ गप्प बसतो आणि नको तिथे घुसतो. मासिकवाले त्याला महाधूर्त म्हणतात.

माझ्याकडे मेमरी जास्त, म्हणून मी माझ्या सरदाराला भरपूर अक्कल घातली. तर आई त्याला चहा पिता पिता लोळवते! तुझ्या सरदारापुढे मात्र तिची रोज दाणादाण. साहेबांनी बजावलंय, नाताळच्या बाजाराआधी सरदार तितकाच बेरकी झाला नाही, तर खेळ रद्द. मी बँकेची नोकरी सोडून बसलोय, ताई. जीव टांगणीला लागलाय. त्याची अक्कल कशी लिहिलीस, तेवढं कळव.

तुझा धाकटा,
नेव्हिल

हडर्सफील्ड, ६ सप्टेंबर

चि. नेव्हिल यास,
अनेक आशीर्वाद.

कुठे बोलू नकोस. त्याला अक्कलच नाही! किल्ले आणि घोडेस्वार कोंबल्यावर मेमरीत तीळ ठेवायला जागा उरली नाही. सरदार फासे टाकतो आणि पडेल तिकडे जातो. गप्प बसतो, कारण माझ्या यंत्राला पडद्यावर नकाशा पुन्हा रंगवायला वेळ लागतो. धूर्तपणा लोकांनी पदरचा घातलाय.

तुझा सरदार शहाण्यासारखा ठरल्या वाटेनं येतो. आईनं आपल्याला वाढवलंय. शहाण्यांच्या वाटा तिला पाठ आहेत. त्याची अक्कल काढून टाक. आणि बँकेत परत जायची भाषा केलीस तर कान उपटीन.

थेल्मा

इप्सविच, ३० सप्टेंबर

ती. थेल्माताई,
सा. न. वि. वि.

अक्कल काढली. पण माझा नकाशा झटकन रंगतो, त्यामुळे सरदार लगेच चाल करायचा. आई म्हणाली, हा तर निव्वळ वेडा आहे. मग मी त्याला चालीआधी उगीचच थांबायला लावलं. चाली त्याच, पण आई हरली! म्हणाली, हा अगदी तुमच्या बाबांसारखा. तासभर बोलायचं नाही आणि मग नको ते करायचं.

काल ऑर्मरॉडसाहेब येऊन खेळले. सातही किल्ले घालवून बसले. घाम पुसत त्यांनी विचारलं, एवढी बुद्धी यात घातलीस तरी कशी? मी बराच वेळ गप्प बसलो. साहेब इतके भारावले, की पुढचे दोन खेळही मलाच दिले.

लोभ असू दे; अक्कल पुन्हा मागणार नाही.

तुझा,
नेव्हिल